रेशीमचं खोगीर: एका अरबी घोडीच्या मापाचं प्रकरण

आधीच सांगते, घोडीचं नाव बदललंय, मालक, व्हेट, दुकान कुणाचंच नाव घेणार नाही, आणि यातल्या दोन चुका माझ्या स्वतःच्या आहेत त्या पण लपवणार नाही. अरबी घोडा घेतलेल्या किंवा घ्यायचा विचार करणाऱ्या लोकांचे फोन येतात, आणि प्रत्येक वेळी तेच सगळं परत सांगावं लागतं, म्हणून एकदाच नीट लिहून काढतेय.

पार्श्वभूमी

पुण्याच्या बाहेर सासवडच्या बाजूला आमचा छोटा तबेला आहे. ११ जनावरं, त्यातली निम्मी लोकांची, आमच्याकडे ठेवायला दिलेली. रेशीम त्यातलीच. ७ वर्षांची अरबी घोडी, ग्रे म्हणजे पांढुरकी, उंची १४.२ हँड (एक हँड म्हणजे चार इंच, आणि यात पॉइंटनंतरचे २ म्हणजे दोन इंच बरं का, दशांश नाही, एकूण ५८ इंच झाले), वजन टेपने ३९० किलोच्या आसपास. मालक आयटीतले, आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो, आणि खरी राइडर त्यांची १५ वर्षांची मुलगी. तिला एंड्युरन्स करायचं होतं, म्हणजे लांब पल्ल्याची दौड, सुरुवात ४० किमीपासून. या खेळात जगभर अरबी रक्ताचीच चलती आहे, १६० किमीच्या शर्यतीत बघाल तर पुढे अरबीच, म्हणून सरांनी मारवाडी किंवा थरोब्रेडच्या (म्हणजे रेसच्या घोड्यांच्या) भानगडीत न पडता सरळ अरबी घेतली. इथपर्यंत सगळं बरोबर.

गंमत अशी की खोगीर घोडीच्या आधी आलं. घोडी अजून ट्रकने यायची होती आणि बापलेक दुकानात जाऊन लाकडी स्टँडवर ठेवलेल्या खोगिरात बसून बघून आले. साडेसतरा इंचाचं, जनरल पर्पज, चांगलं कातडं, दोघांनाही बसायला मस्त. सोबत दुकानदाराने फुल साइज ब्रायडल (डोक्यावरचा पट्ट्यांचा साज), साडेपाच इंचाचा बिट (तोंडातलं लोखंड) आणि सरळ तंग (पोटाखालचा पट्टा) असा सेटच लावून दिला. सरांनी मला फोटो पाठवला, मी अंगठा पाठवला. ही माझी पहिली चूक धरा, कारण तेव्हाच विचारायला हवं होतं की पाठ कुणाची मोजली.

अडचण

पहिले दोन महिने काही नाही. मग हळूहळू तंग आवळताना कान मागे, मग शेपटी आपटणं, मग एके दिवशी सईसचाचांच्या, म्हणजे घोड्यांची निगा ठेवणाऱ्या आमच्या चाचांच्या, दंडाला दात लावले. डाव्या लीडवर कँटर (डावा पुढचा पाय पुढे टाकत मध्यम दौड) द्यायलाच तयार नाही, दिलाच तर चार ढांगा आणि बक, म्हणजे पाठ उडवून उसळी. उतारावर खोगीर पुढे सरकून मानेवर जायचं आणि मुलगी दर दहा मिनिटांनी उतरून परत मागे घ्यायची. मुलीचा आत्मविश्वास गेला, सर मला विचारायला लागले की विकायची का.

आमचे ट्रेनर म्हणजे घोडदळातून रिटायर झालेले दफेदार साहेब, आख्खी नोकरी घोड्यांत गेलेली, त्यांचं मत ठाम: अरबी म्हणजे मिजासखोर, पोरगी लाड करते, दोन दिवस माझ्याकडे द्या. दिली. दोन दिवस घोडी नीट चालली, कारण साहेबांची बैठक लोण्यासारखी आहे, आणि तिसऱ्या दिवशी मुलीबरोबर परत तेच. मग तर सगळ्यांची खात्रीच पटली की घोडी नाटकी आहे.

खरं बघितलं ते चाचांनी. राइडनंतर खोगीर काढलं की सगळी पाठ घामाने ओली आणि खांद्याच्या मागे दोन्ही बाजूंना तळहाताएवढे दोन ठिपके कोरडे ठणठणीत. त्यांनी मला बोलावून दाखवलं आणि खरारा त्या जागेवर नुसता टेकवला तर तिची कातडी माशी बसल्यासारखी थरथरली. आजूबाजू ओलं आणि मधेच कोरडा ठिपका म्हणजे बऱ्याचदा तिथे एवढा दाब असतो की घाम यायलाच जागा नसते. कधीकधी खोगीर टेकतच नसेल तरी कोरडं राहतं, म्हणून नुसत्या ठिपक्यावरून ठरवायचं नाही, हात लावून बघायचं. इथे हात लावला तर ती पाठ खाली दाबून पळायला बघत होती.

आणखी एक गोष्ट. खोगीर लागलं की त्या जागी पांढरे केस येतात हे सगळ्यांना माहीत असतं, काळ्या-तांबड्या घोड्यावर लांबून दिसतं. पण आमची घोडी ग्रे! पांढऱ्यात पांढरं काय दिसणार. तुमचा घोडा ग्रे असेल तर ही खूण तुमच्या कामाची नाही, तुम्हाला हातानेच पाठ वाचावी लागेल.

आम्ही आधी काय केलं (आणि का फसलं)

मी खोगीर तपासलं होतं, अगदी पहिल्याच आठवड्यात. पुस्तकी नियम असा की राइडर बसल्यावर वाघोट आणि खोगीर, म्हणजे मानेच्या बुडाचा उंचवटा आणि वरची कमान, यांच्यात दोन-तीन बोटं जावीत. माझी चार गेली. मी म्हणाले छान, भरपूर जागा आहे. ही दुसरी चूक, आणि सगळ्यात महागडी.

त्याचं असंय, खोगिराच्या आत ट्री असतो, म्हणजे सांगाडा, आणि त्याच्या पुढच्या कमानीची दोन टोकं खांद्यांच्या मागे दोन्हीकडून खाली येतात. थरोब्रेडचा वाघोट उंच आणि पाठ अरुंद, त्यामुळे कमान अरुंद चालते. अरबीचा वाघोट बुटका आणि रुंद, बरगड्या फुगीर, पाठ जवळजवळ टेबलासारखी सपाट. अशा पाठीवर अरुंद कमान ठेवली की ती खाली बसतच नाही, चिमट्यासारखी वरच अडकून राहते, मग वर चार बोटं काय पाच पण जातील. मला ती जागा दिसली आणि मी खूश झाले, प्रत्यक्षात खोगीर पुढून उचललेलं होतं, मागून दबलेलं होतं, मुलगी सतत मागे घसरून बसत होती आणि मधे पाठीला काही टेकतच नव्हतं, पूल बांधल्यासारखं.

त्यात भर म्हणून घोडी कुरकुर करायला लागल्यावर सरांनी ऑनलाइन जेल पॅड मागवलं आणि त्याच्यावर मेंढीच्या लोकरीचं अजून एक. शब्दशः खोगीरभरती! चप्पल घट्ट होतेय म्हणून आत कापड कोंबण्यातला प्रकार, अरुंद कमान अजून अरुंद झाली, गोल पाठीवर सगळं डुलायला लागलं, डुलतंय म्हणून तंग अजून दोन भोकं वर, आणि दात लागले ते याच आठवड्यात. कुणीच वाईट हेतूने करत नव्हतं, उलट सरांनी आठ दिवसांत दोन पॅडवर बऱ्यापैकी पैसे घातले.

निर्णयाची पहिली जागा: थांबायचं की चालू ठेवायचं

मुलीची पहिली ४० किमीची राइड सात आठवड्यांवर होती. सरांचं म्हणणं तोपर्यंत ढकलू, मग बघू. मी नाही म्हणाले आणि व्हेटना बोलावलं, कारण खोगिरावर खापर फोडण्याआधी बाकीचं तपासायला हवं होतं: पाय, दात, पाठीचे मणके, आणि घोडी आहे तर अंडाशयाचं दुखणं पण. लंगडी नव्हती. दाढांना बाहेरून धारदार कडा आल्या होत्या त्या घासून घेतल्या. पाठीत वाघोटाच्या मागे दोन्हीकडे स्पष्ट दुखरेपणा आणि स्नायू बसून खळगा पडायला सुरुवात. शिवाय या खेळात व्हेट प्रत्येक गेटवर (वाटेतल्या तपासणीच्या थांब्यावर) हृदयाचे ठोके ६४ च्या आत आलेत का बघतातच, पण पाठ आणि तंगाची जागा पण दाबून बघतात, म्हणजे असल्या पाठीवर आमचा नंबर तिथेच कटला असता. हे सांगितल्यावर सर गप्प झाले. तीन आठवडे पाठीवर काहीही नाही, फक्त हातात धरून चालवणं आणि चढावर चालणं.

राइड हुकली. मुलगी रडली. माझ्याशी चार दिवस बोलली नाही.

माप घेणं

घोडी चौरस सपाट जागेवर उभी केली, चाचांनी डोकं धरलं, आणि खोगीर बिनपॅडचं, बिनतंगाचं पाठीवर ठेवून मागे सरकवलं जोपर्यंत ते आपोआप थांबत नाही. मग पुढच्या कमानीखाली वरून खाली हात घातला. वर हात सहज, चार इंच खाली गेल्यावर बोटं अडकली, सरांनाही हात घालायला लावला तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. मधे गेलो तर आख्खा तळवा आरपार.

मग लांबी. शेवटची बरगडी कुशीच्या पुढे हाताला लागते, तिथून तिच्या वळणाने वर पाठीच्या कण्यापर्यंत बोट न्यायचं आणि खूण करायची. आम्ही निळ्या खडूने केली. खोगीर या खुणेच्या मागे जायला नको, कारण तिथून मागे कमरेला खालून बरगड्यांचा आधार नाही. आमचं चांगलं दोन बोटं मागे जात होतं. यात अरबीची अजून एक गोम अशी की बऱ्याच अरबी घोड्यांत (सगळ्यांत नाही) बरगड्यांच्या जोड्या १८ ऐवजी १७ आणि कमरेचे मणके ६ ऐवजी ५ असतात, म्हणजे पाठ मुळातच आखूड. साडेसतरा इंचाचं खोगीर तिच्यावर म्हणजे स्कूटीवर तीन माणसं.

मापासाठी आर्किटेक्ट लोक वापरतात ती वाकणारी पट्टी मी अप्पा बळवंत चौकातून आणली. खांद्याच्या हाडामागे दोन बोटांवर ती पाठीवर आडवी दाबायची, आकार घेतला की अलगद उचलून पुठ्ठ्यावर ठेवायची, पेन्सिलने रेघ मारायची, कापायचं. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा सगळ्यात चांगला, वाकत नाही.

पर्याय

आहे त्याच खोगिरात लोकर कमीजास्त करून घेणं हा सगळ्यात स्वस्त उपाय होता, पण ट्रीच अरुंद असेल तर पॅनलमध्ये (खोगिराच्या खालच्या लोकर भरलेल्या गाद्यांत) काहीही करा उपयोग नाही, हा पर्याय पाच मिनिटांत बाद.

ट्रीलेस, म्हणजे बिनसांगाड्याचं खोगीर. सरांना हे फार आवडलं होतं, व्हिडिओ बघून. खरं सांगायचं तर एंड्युरन्समध्ये पुष्कळ लोक वापरतात आणि रुंद सपाट पाठीवर बरं बसतं. पण सांगाडा नसला की राइडरचं वजन पसरत नाही, रिकिबी जिथे लटकतात तिथे दाब येतो, आणि त्याला खास पॅड लागतं. मुलगी ४८ किलोची, तिला चाललं असतं. पण सर स्वतः पण रविवारी बसायचे, ८१ किलो. इथे एक अवघड बोलणं झालं. साधारण हिशोब असा धरतात की राइडर आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत असावं, ३९० चे २० टक्के ७८, आणि सर नुसतेच ८१, वर खोगीर ७ किलो. मी दोन दिवस विचार करून बोलले. त्यांनी ऐकलं, आता ते आमच्या थरोब्रेडवर बसतात. मालकाला त्याच्याच घोडीवर बसू नका सांगणं सोपं नसतं, पण टाळलं असतं तर बाकी सगळं मापबिप फुकट होतं.

तिसरा पर्याय कमानीची पट्टी बदलता येणारं सिंथेटिक खोगीर. पुण्याच्या पावसात कातड्याला बुरशी येते, सिंथेटिकला ती कटकट नाही, आणि घोडी जाडबारीक झाली की पट्टी बदलायची. आकड्यांवर बघितलं तर हाच शहाणपणाचा पर्याय. पण जे आमच्या हाताला लागलं ते दोन्ही वेळा तिच्या पाठीवर मधे टेकत नव्हतं, कारण पट्टीने फक्त पुढची रुंदी बदलते, पूर्ण ट्रीचा लांबीतला बाक नाही.

चौथा, कानपूरहून मापाचं करून घेणं. खोगीर-लगामाच्या कामासाठी कानपूर जुनं प्रसिद्ध आहे, जीआय (भौगोलिक मानांकन) पण आहे, आणि तिथून परदेशात माल जातो. सरांनी हा घेतला, मीही हो म्हणाले.

काय केलं

पुठ्ठा कुरियर केला, फोटो पाठवले, पाच आठवड्यांत १६.५ इंचाचं खोगीर आलं. रुंदी बरोबर पुठ्ठ्याएवढी. आणि तरीही लागलं!

त्या दिवशी मला रडू यायचं बाकी होतं. कारागिराला व्हिडिओ कॉल केला, त्याने कॅमेरा घोडीच्या मागून पाठीवर धरायला सांगितला आणि बघताक्षणी म्हणाला, "मैडम, ये तो टेबल है, आपने बताया क्यों नहीं." झालं असं की आम्ही एकच आडवं माप पाठवलं होतं, ते पण अर्धवट कापलेलं, टोकांची रुंदी कळत होती पण वरची गोलाई नाही. त्याने रुंद पण पत्र्याच्या शेडसारखी उतरती कमान बनवली होती. हिला हवी होती घाटातल्या बोगद्यासारखी, वर गोल आणि बाजूंनी सरळ खाली. दोन्हींच्या टोकांमधलं अंतर सेम निघू शकतं, आकार साफ वेगळा.

दुसऱ्यांदा चार मापं पाठवली: खांद्यामागचं, त्याच्या मागे दहा-दहा सेंटीमीटरवर अजून दोन, आणि एक लांबीतलं कण्याच्या बाजूने. पॅनलमधली फट तीन-चार बोटं रुंद मागितली म्हणजे मणके मोकळे राहतील. त्याने ट्री बदलून दिला, जास्तीचे पैसे घेतले, आणि मला त्यात काही गैर वाटलं नाही.

खोगीर पुढे सरकण्याचा प्रश्न मात्र नुसत्या ट्रीने पूर्ण सुटला नाही. अरबीची तंगाची जागा कोपराला लागून, पुढे असते, आणि तंग नेहमी तिकडेच जातो, जाताना खोगिराला घेऊन जातो. दफेदार साहेब म्हणाले दुमची लावा, शेपटीखालून, फौजेत डोंगरी खेचरांना लावायचो. उतारासाठी वाईट सल्ला नव्हता, पण पाठ दुखून बसलेल्या घोडीच्या शेपटीवर अजून एक ओढ मला नको होती. त्याऐवजी कोपराच्या जागी चंद्रकोरीसारखा कापलेला तंग घेतला आणि तो सगळ्यात पुढच्या पट्ट्याला अडकवला, त्यामुळे तंग त्याच्या जागी पुढे आणि खोगीर त्याच्या जागी मागे राहतं. नव्वद टक्के काम यानेच झालं. साहेब अजून म्हणतात दुमची लावा.

तोंडाचं सामान पण सगळं बदललं. फुल साइज ब्रायडलची गालाची पट्टी शेवटच्या भोकात घेऊन पण बिट लोंबत होता, आणि त्याच वेळी कपाळपट्टी कानांच्या मुळाशी काचत होती. अरबीचं डोकं आखूड, कपाळ रुंद, नाकाकडे एकदम निमुळतं, त्यामुळे कुठलाच एक साइज पूर्ण बसत नाही. आम्ही गालपट्ट्या कॉब साइजच्या (पोनी आणि फुलच्या मधल्या), कपाळपट्टी फुल, नाकपट्टी पोनीची अशी खिचडी केली. बिट साडेपाच इंचाचा, म्हणून तोंडात इकडून तिकडे सरकायचा, आणि जाड होता, कारण जाड म्हणजे मऊ असं दुकानात सांगितलं होतं. छोट्या तोंडात जाडजूड जीभ आधीच सगळी जागा खाते, तिथे जाड लोखंड मऊ कसं लागेल? आता ५ इंचाचा, बारीक, मधे बदाम असलेला दोन सांध्यांचा आहे, दोन्हीकडे जेमतेम अर्धा सेंटीमीटर बाहेर.

निष्पत्ती

नवीन खोगिरावर पहिला महिना फक्त वॉक (चाल) आणि थोडा ट्रॉट (दुडकी). दुसऱ्या महिन्यात डाव्या लीडवर कँटर न मागता दिला, मुलगी रिंगणातून ओरडली, "ताई, दिला!" आणि बोलणं परत सुरू झालं. घाम आता सारखा येतो. खळगे बरेच भरलेत, पूर्ण नाही, डावीकडचा अजून हाताला लागतो. सहाव्या महिन्यात ४० किमी पूर्ण केली, नंबरबिंबर नाही, पण पाठ दाबल्यावर घोडी हलली नाही.

तंग आवळताना कान मात्र अजून मागे जातात. दुखत नाही, तपासून झालंय, आठवण आहे. चाचा एकेक भोक घेतात, मधे दहा पावलं चालवतात, मग पुढचं भोक.

आता करायचं तर वेगळं काय

घोडी यायच्या आधी खोगीर घेऊ देणार नाही हे तर झालंच. पण जे मला आधी सुचलं नव्हतं ते मापाच्या वेळेचं. आम्ही माप घेतलं ऑगस्टमध्ये, पावसात काम बंद, वर हिरवा लसूणघास, घोडी गोलमटोल. डिसेंबरपर्यंत ट्रेनिंगने ती उतरली आणि मापाचं केलेलं खोगीर पुढून खाली बसायला लागलं, दोनच्या जागी एक बोट. सध्या पॅडच्या पुढच्या खिशात पातळ फेल्टचे तुकडे घालून चाललंय, हे पॅडिंग मला चालतं कारण खोगीर थोडं रुंद आहे म्हणून घालतोय, अरुंदवर नाही. पण माप कामात असताना, मधल्या वजनावर घ्यायला हवं होतं. आता दर तीन महिन्यांनी नवीन पुठ्ठा कापून जुन्यावर ठेवून बघतो. टॅकरूममध्ये (खोगीर-लगाम ठेवायच्या खोलीत) खिळ्याला पाच पुठ्ठे लटकलेत, प्रत्येकावर मुलीच्या अक्षरात तारीख आणि वजन.

दुसरं म्हणजे दफेदार साहेबांना दोष देऊन मोकळं व्हायचा मोह मला झाला होता. पण ते ज्या घोड्यांवर वाढले त्यांना ते खोगीर बसलं असतं, आणि त्यांच्या हाताखाली घोडी चालली हे आम्ही पुरावा म्हणून वापरलं. चांगला राइडर वाईट खोगीर झाकतो. ट्रायल नेहमी त्याच राइडरची घ्यायची जो रोज बसणार आहे.

आणि सिंथेटिकचा पर्याय मी जरा घाईत सोडला का, असं अजून वाटतं. दोनच मॉडेल बघितली होती. गोल कमानीचं, आखूड पॅनलचं तिसरं कुणाकडे मिळालं असतं तर फेल्टचे तुकडे लागले नसते आणि खर्चही एकदाच झाला असता.

जुनं साडेसतरा इंचाचं खोगीर सर ओएलएक्सवर टाकणार होते. विकण्याआधी सवयीने आमच्या मारवाडी घोड्यावर ठेवून बघितलं, उंच वाघोट, लांब पाठ, अरुंद छाती. कमानीखालून हात वरपासून खालपर्यंत सरळ गेला, वर बरोबर दोन बोटं. तबेल्यानेच विकत घेतलं.